मागणी : शून्य

४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

झाले ते क्रमाने लिहिते.

१. नवे इअरबड बाजारात आले. एका कानाला तीन चिप. महिनाभरात आमच्या कारखान्यावरची मागणी दुप्पट झाली.
२. जागा करण्यासाठी एक जुनी चिप बंद करायचे ठरले. कोणती, हे मी सुचवायचे होते.
३. यादीत नुसते क्रमांक असतात. एका क्रमांकापुढे दोन वर्षांत एकही मागणी नव्हती. मी ‘शून्य’ लिहून सही केली.
४. काल ती चिप पडद्यावर मोठी करून पाहिली. आत्याच्या श्रवणयंत्रातली. लहानपणी तुमच्या भिंगाखाली पाहिलेली.

चिप बनवायच्या आमच्या खोलीत पिवळा उजेड असतो. सकाळ-संध्याकाळ कळत नाही. पांढऱ्या पोशाखातली माणसे ढगांसारखी शेजारून जातात. सिलिकॉनच्या तबकडीवर रंग सरकत असतात, पाण्यावरच्या तेलासारखे. ते बघत तिथेच उभी राहिले. तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात ही चिप सतत लागते. मग शून्य कसे?

तुमची,
मोजपट्टी

९ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आत्याला वाचून दाखवावं लागलं नाही, तिनं हिसकावूनच घेतलं. म्हणाली, क्रमांक घालून रडणारी ही एकटीच!

तुझं ते शून्य माझंच आहे गं. नवी चिप मी कधी मागवली? टाकून दिलेली यंत्रं उघडायची, चिप काढायची, दुसऱ्यात बसवायची. आम्ही सगळे दुरुस्तीवाले हेच करतो आणि वर मिशीला पीळ देतो. आता टाकलेली यंत्रंही येईनाशी झाली. डबीत चार उरल्यात.

आत्याचं यंत्र गुरुवारपासून मधूनच गप्प होतं. तिला वाटतं, घर हळूच तळ्यात बुडालंय आणि मी माशासारखा तोंड उघडमीट करतोय. पोहत पोहत चहा आण, असं मलाच सांगते. हसते, पण खिडकीशी बसून राहते. नव्या नाजूक यंत्रांचा जोर तिच्या कानाला पुरत नाही.

तू मात्र केलेली सही मागे घेऊ नकोस. नोकरी सांभाळ.

तुझा,
बाबा

१३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सही मागे घेतली. तुम्हाला विचारले नाही.

आमच्या मुख्य बाईंना चूक सांगितली. त्या म्हणाल्या, आत्या सगळ्यांनाच असते, आकडा आण. पुरेशी मागणी लेखी आली, तर बंद करण्यापूर्वी एक शेवटची खेप काढता येईल. दहा वर्षे पुरेल एवढी. त्यानंतर ती जागा इअरबडची.

काल फोनवर आत्या मध्येच थांबली. मी बोलत राहिले. तिला ऐकू येत नाही हे कळूनही बोलत राहिले. काय बोलले ते लिहीत नाही.

मला रागवा, पण नंतर. लोभ आहे तेवढा राहू द्या.

ओळखीच्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याकडून दहा वर्षांत किती चिप लागतील तो आकडा सहीनिशी घ्यावा, स्वतःचाही लिहावा, आणि २४ मार्चपर्यंत उत्तर माझ्या हाती पडेल असे पाठवावे.