सवतीच्या पदराची नदी

सोमवार, १० फेब्रुवारी

गळ्यातला टाक आज पुन्हा टोचला! चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर कोरलेली बाई — म्हणजे समृद्धी, आदेशची पहिली. लग्नात सासूबाईंनी स्वतःच्या हातानं घातला. मेलेल्या सवतीचा टाक दुसरीनं घालायचा, मग ती शांत राहते म्हणे. ती शांतच आहे हो. मी कधी शांत व्हायचं?

आदेश बेल्ह्याच्या बाजाराला गेले. समृद्धीची श्रेया शाळेतून आली. "काकू, भूक लागली." तिच्या वेण्या मी घालायच्या, शेंबूड मी पुसायचा — आणि काकू! सासूबाई ऐकून हसल्या. "आई एकच असती, बाई."

गुरुवार, १३

मोबाईलवर एक बाई जुने फोटो कातरून चित्र करत होती. कुणाचा शर्ट म्हणजे डोंगर, कुणाची टोपी म्हणजे होडी. भाकरी करपली तरी बघतच राहिले. कॉलेजात माझी चित्रं भिंतीवर लागायची. आज किती दिवसांनी हात शिवशिवले!

कपाटावर बिस्किटांचा डबा आहे. त्यातले समृद्धीचे फोटो तेवढेच उरलेत. तिचा मोबाईल तिच्याबरोबरच मंचरच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला, आदेशचा त्याआधीच विहिरीत पडलेला.

शनिवार, १५

कापली! बैलाशेजारी उभी होती — बैल ठेवला. शालूचं शेत केलं, पदराची घोडनदी. लांब केसांचं केवढं कौतुक होतं बाईच्या! त्यांचे कावळे केले. एकेक कावळा असा जमलाय म्हणून सांगू! तोंडांचं मात्र काही होईना. दिली बंबाशेजारच्या जळणात टाकून.

इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

रविवार, १६

श्रेयानं डिंक मागितला. दिला. कात्रीपण दिली. कोपऱ्यात गप्प बसली, बरं झालं.

मंगळवार, १८

चित्र फ्रेम करून भिंतीवर लावलं. शेजारच्या साळुबाई आल्या होत्या. "लई भारी गं! आपलीच नदी व्हय ना?" आदेश म्हणाले, छान आहे. स्वतःची बायको ओळखता आली नाही ह्या माणसाला!

सासूबाईंनी ओळखली. कावळ्यांवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. "हे क्यास मी इंचरलेत." मग जेवल्याच नाहीत. नका जेवू! पोरीला तिचं तोंडच आठवलं नाही, तर आई कोण राहील? मीच की.

बुधवार, १९

सासूबाई अजून बोलत नाहीत. घर कसं निवांत आहे.

शुक्रवार, २१

"आई!"

आतल्या खोलीतून. श्रेयाच! पिठाचे हात तसेच घेऊन धावले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "काय गं बाळा?"

तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पुढ्यात आमच्या लग्नाचा फोटो होता, फ्रेममधून काढलेला. शालू माझा, हात माझे, गळ्यात तो टाक. तोंड समृद्धीचं. कडेला थोडी काजळी होती, पण मानेवर अगदी नीट बसवलं होतं.

"तुला नाही, काकू," ती म्हणाली. "तुझं तोंड मी जळणात टाकलं."