पाहुणा दगड जाईपर्यंत

दि. १४ नोव्हेंबर

माझ्या भिंगरीला आजीचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांना विचारतंय कोण. शिलाईचं दुकान चालू आहे. नव्या कारागिराचा हात सरळ पण तोंड वाकडं. माझी काजं जाडी होतात म्हणे! त्याच्या जन्माआधीपासून काजं करतेय मी.

तुझा पाहुणा दगड कुठवर पोचला? दुसऱ्या कुठल्या सूर्याच्या घरचा, तिथल्या दांडग्या ग्रहाने ढकलून बाहेर काढलेला, आपल्या सूर्याला वळसा घालून चाललेला, परत न येणारा. उजेडावरून तो कशाचा बनलाय ते तुम्हाला कळतं, कुणाच्या घरचा ते कळत नाही. मग एवढं शिकून काय केलं पोरीने, असं मी म्हणाले, तर तुझा बाबा माझ्यावरच उखडला होता. "आई, तिथली माती इथे बसून बघायला मिळतेय, हे कमी आहे का?" शिंपी माणूस, पण तुझी पत्रं त्याला तोंडपाठ असायची.

बाबाला शेवटी नक्की काय झालं, हे तू तिसऱ्यांदा विचारलंयस. दोनदा मी गुडघ्यांचं लिहून पाठवलं.

तो अचानक गेला नाही. एकोणीस दिवस दवाखान्यात होता. पहिल्याच दिवशी म्हणाला, "तिला कळवायचं नाही. तिची दुर्बिणीची पाळी महिनाअखेरपर्यंत आहे. दगड थांबणार नाही, मी थांबतो. शब्द दे." दिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलीला बोलवा. तर त्यांना म्हणतो, "तेवढे दिवस वाढवून द्या." जसं काही पँट दोन बोटं लांब करायचीय.

तुझा फोन आला तेव्हा मी सांगितलं, बाबा माप घ्यायला गेलाय. तो समोरच खाटेवर होता, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तू म्हणालीस, "आजी, आज काय स्पष्ट दिसला गं!" मी फोन त्याच्या कानाशी धरला आणि बाजूने नुसतं हं हं करत राहिले. दहा मिनिटं तू त्याच्याशीच बोलत होतीस. तो हसला, मास्क धुरकटला.

आता खरं लिहिते. अठराव्या दिवशी दुपारी त्याने विचारलं, "किती दिवस राहिले?" मी म्हटलं, चार. मग म्हणाला, "आई, बोलाव तिला."

मी नाही बोलावलं. म्हटलं, तापात बरळतोय, उद्या शुद्धीवर आला की माझ्यावरच चिडेल. दिलेला शब्द फिरवत नाही, ही माझी जन्माची ऐट. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

"दगडापायी मी बापाला सोडलं," असं लिहितेस तू. खोडून टाक ते. तुला कुणी हाक मारलीच नाही. ती मारायचं काम माझ्याकडे होतं.

शिव्या दे, काय वाटेल ते लिही. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होते. नाही चालणार.

आजी म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

त्याची आई