यांचा पट्टा

३ जुलै, गुरुवार
उदगीरहून लातूरला सुखरूप पोचलो. दवाखाना कसा लख्ख आहे! साखरेमुळं यांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडलाय, मंगळवारी काढणार. खाट खिडकीजवळची मिळाली, महादेवाची कृपा. इथं केसपेपर राहिले नाहीत. खिडकीवरच्या शिल्पा नावाच्या पोरीनं यांच्या मनगटात रेघारेघांचा एक पट्टा घातला. मशीन लावलं की टुंग वाजतं, नाव-औषध सगळं दिसतं. भाकरी, धपाटे, शेंगाची चटणी घरचीच आणलीय. बाहेरचं खाणं नको.

४ जुलै, शुक्रवार
सकाळी हे इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसले. पाण्यानं, विभूतीनं पट्टा खराब होईल, नव्याचा भुर्दंड कशाला, म्हणून मी तो सरकवून काढला आणि माझ्या हातात बांगड्यांमागं घातला. तेवढ्यात जुन्या सिस्टर केवळाबाई आल्या. मशीन माझ्याच हाताला लागलं. टुंग. यांची गोळी माझ्यापुढं आली! मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.
पूजा आटोपली, पण पट्टा काही निघेना. हात सुजला असेल.

५ जुलै, शनिवार
तेल झालं, साबण झाला. कात्रीचं पातं वाकलं, पट्टा तसाच. कालपासून यांना औषध नाही. मशीन म्हणतं, खाटेवर माणूसच नाही. शिल्पाकडं तीनदा गेले. तिचं एकच: नवा पट्टा पाहिजे तर आधी जुना पेशंट घरी गेला नाहीतर वारला असं दाखवावं लागतं. घरी गेला म्हटलं तर खाट जाते, मंगळवारचं ऑपरेशनही जातं; आणि वारला, असलं अभद्र मी कसं दाखवू देईन? मग म्हणाली, तक्रार नोंदवा. तक्रारीलाही पट्टाच लागतो. टुंग. पडद्यावर आलं: तक्रारदार, पेशंट स्वतः. डोकं फुटायची वेळ आली.

७ जुलै, सोमवार
यांना सणकून ताप. पायाची पट्टी तीन दिवस बदललेली नाही, वास येतोय. केवळाबाईंच्या पाया पडले. त्यांनी इकडंतिकडं बघितलं.
"अक्का, आजारी कोण हाय ते आंधळ्यालाबी दिसंल. पण मागल्या महिन्यात डोळ्यानं बघून औषध दिलं, तर मलाच नोटीस आली. आता मशीन म्हणंल ते."
बोलत बोलत त्यांनी सुई माझ्याच दंडात टोचली.
दुपारी वॉचमननं यांना उठवलं. नातेवाइकांनी खाटेवर झोपायचं नाही म्हणे. हे व्हरांड्यात फरशीवर पडलेत. मला खाटेवर निजवलंय, खाली उतरू देत नाहीत. माझा उजवा अंगठा बधिर—

८ जुलै, मंगळवार
अंगठा काळा. माझा.
स्ट्रेचरवर आहे. वही चादरीखाली. सगळ्यांना सांगितलं— बाई आहे मी, दिसत नाही का? बघतात. मग पडद्याकडं बघतात.
हे व्हरांड्यात. हाक मारली तर ओ देईनात.
मोठे डॉक्टर आले. म्हणाले, कापायच्या आधी नाव तोंडानं सांगा, नियम आहे. देवा, विचारलं तरी कुणी! माझं सांगून भागायचं नाही, बाहेर कोण मरायला टेकलंय ते सांगायला पाहिजे. लग्नापासून यांचं नाव मी तोंडानं घेतलं नव्हतं. घेतलं. मोठ्यानं घेतलं. मी म्हणाले, उमाशंकर, उमाशंकर बाहेर—
टुंग.
डॉक्टर म्हणाले, "बरोबर. नाव जुळलं."
पायाला काहीतरी गार लावतायत. हे अजून फरशीवरच, कुणीतरी त्यांना—