हिंसामुक्त तालुका: माझा सर्व्हे

२४ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहिणार. कौटुंबिक हिंसेच्या सर्व्हेची आयडिया माझी, हे कुठेतरी नोंदलेलं बरं. संस्थेचं गुहागरचं समुपदेशन केंद्र म्हणजे एक खोली आणि एक शमिका. आकडे दाखवले की वरून स्टाफ मिळेल. महिनाभरात करून दाखवतो.

२६ फेब्रुवारी
मास्टरस्ट्रोक! मुंबईकर नवरे शिमग्याला गावी येतात. तेव्हाच घरोघर जायचं. अख्खं कुटुंब एका जागी. फॉर्मवर कुटुंबप्रमुखाची सही, म्हणजे डेटा पक्का. शमिका म्हणते, सर, नवऱ्यासमोर बाई काय बोलणार? हिला रिसर्चमधलं काय कळतंय!

५ मार्च, वेळणेश्वर
पालखी दारात यायची म्हणून कोणी धड बसेना. कसेबसे चौदा फॉर्म. दर्शनाताईंच्या डोळ्याखाली काळंनिळं. पायरीवरून घसरली, असं शेजारी बसलेल्या नवऱ्याने, नितेशरावांनीच सांगितलं. पाच वर्षांची आरोही आईचा पदर सोडेना. लाजाळू पोर. नितेशरावांनी सही केली, वर शहाळं दिलं. भला माणूस.
शेऱ्यात ‘पायरी दुरुस्त करावी’ लिही म्हटलं, तर शमिका फणफणत निघून गेली. आजकाल कोणाला काही बोलायची सोय नाही.

१२ मार्च
फॉर्म २१२. हिंसा शून्य! आपला कोकणी माणूस मुळातच शांत. शमिका म्हणते, मग गेल्या वर्षी केंद्रात एकेचाळीस बायका आल्या त्या काय आभाळातून पडल्या? तिच्या वहीवर कुटुंबप्रमुखाची सही आहे का? नाही. विषय संपला. रिपोर्ट पाठवला.

२७ मार्च
वरून पत्र. ‘अहवाल अभिनंदनीय.’ दोनदा वाचलं. मग खालची ओळ दिसली: गरज नसल्याने केंद्र ३१ पासून बंद. अरे देवा! मेल्यांनो, वाढवायला सांगितलं होतं! तीन फोन केले. म्हणतात, आकडे तुमचेच, साहेब. वरच्या ऑफिसात एकेक नग भरलेत.
शमिकाने किल्ली टेबलावर ठेवली. आपली वही पिशवीत घालून निघाली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

७ एप्रिल, सकाळी ९
दर्शनाताईंचा फोन. नितेशराव यंदा मुंबईला परत गेलेच नाहीत. काल आरोहीलाही मारलं. पोरीला घेऊन पहिल्या एसटीने केंद्रावर आल्या, तर दाराला कुलूप. बोर्डावरचा माझा नंबर लावला. मी विचारलं, त्या दिवशी का नाही सांगितलंत? म्हणाल्या, हे शेजारीच बसले होते ना. आता एकटी आहे, विचारा काय ते.
छापील चौतीस प्रश्न समोर होते. एकही विचारण्यासारखा नव्हता. शमिकाचा नंबर दिला.