लेझरची किल्ली परत न करण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य सुरक्षा अधिकारी,
संशोधन संस्था, मुख्य इमारत
(जिथल्या भिंती जाड आहेत)

विषय : पाळणाघराच्या भिंतीला शिशाचे अस्तर मिळेपर्यंत लेझर बंद ठेवणे.
संदर्भ : आपले एका ओळीचे पत्र, "प्रश्नच उद्भवत नाही."

महोदय,

१. अर्जदार ही संस्थेचा छोटा लेझर चालवते. त्याच्या झोतात पूर्वी साधा वायू सोडत. उन्हाळ्यापासून तोच वायू बारीक तोंडातून दाबाने सोडतात. बाहेर पडताच तो गारठतो आणि अणूंचे पुंजके होतात. पुंजका प्रकाश गटकन गिळतो, फुटतो, आणि त्यातले इलेक्ट्रॉन अशा वेगाने सुटतात की एवढ्याशा लेझरकडून कुणी अपेक्षाच केली नव्हती. त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपणही वाजवल्यात.

२. हे इलेक्ट्रॉन पोलादी पेटीवर आदळले की क्ष-किरण निघतात. पेटीमागे विटांची भिंत. भिंतीमागे कर्मचाऱ्यांच्या मुलांचे पाळणाघर.

३. अर्जदाराने भिंतीपलीकडे किरण मोजणारा मापक धरला. काटा टोकाला गेला. अर्जदाराने लेझर बंद केला, किल्ली काढली व आपणांस कळवले. आपले उत्तर : शिशाचे अस्तर फक्त मोठ्या लेझरला मंजूर आहे, छोट्यातून एवढे किरण निघूच शकत नाहीत, सबब मापक बिघडला आहे.

३. (पुन्हा, कारण हा मुद्दा वाचला गेला नाही.) मापक दुरुस्त होऊन आला. सुट्टीच्या दिवशी, पाळणाघर रिकामे असताना चाचणी घेतली. काटा टोकाला. आपण मापकच काढून घेतलात.

३. (तिसऱ्यांदा.) अर्जदार समक्ष भेटली. आपण म्हणालात, "अहो बाई, पाहुणे यायचेत प्रयोग बघायला, आणि तुम्ही आत्ताच खुसपट काढताय? मुलं काय भिंतीला चिकटून बसतात का?"

होय महोदय. चिकटूनच. वायूची झडप टकटक वाजते, त्या ठेक्यावर मुले झोपतात, म्हणून पाळणाघराच्या ताईंनी सगळ्या गाद्या त्याच भिंतीला लावल्या होत्या. लेझर थांबल्यावर त्यांनी अर्जदाराला दारात गाठले. "बाई, तुमचं ते टकटक सुरू करा की हो! एक पोरगं डोळा मिटेल तर शपथ."

अर्जदार त्यांना काय सांगणार?

मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि मी त्यांना उन्हाळाभर तिथंच निजवलं हो." मग त्यांनी एकटीने एकेक गादी ओढत समोरच्या भिंतीला नेली. मला हात लावू दिला नाही.

४. आता आपला आदेश : आज संध्याकाळपर्यंत किल्ली जमा करा, अन्यथा कारवाई. कारवाई करा. किल्ली माझ्याकडे आहे आणि एका अटीवर मी ती फिरवीन. भिंतीजवळची जागा आता मोकळी आहे. तिथे आपली खुर्ची आणा, भिंतीला पाठ टेकून बसा आणि मला हाक मारा, "बाई, करा सुरू."

मोठ्याने ओरडायची गरज नाही. या भिंतीतून सगळं ऐकू येतं.

आपली,
('नम्र' लिहून खोडले आहे)
लेझर चालवणारी

दिनांक : आजच, मुदतीच्या आत

सोबत : सुट्टीच्या चाचणीत मधल्या गादीच्या उशाशी ठेवलेली क्ष-किरणांची फिल्म. धुतल्यावर काळी आली.