बाबलीच्या रक्ताची काच

३ नोव्हेंबर २००३
सांगली सोडली ते बरं केलं! मालवण किनाऱ्यावरच्या या छोट्या दवाखान्यात मला रक्त तपासायला स्वतंत्र प्रयोगशाळा मिळाली आहे, तीही खिडकीसकट. समोर होड्या, टेबलावर नवाकोरा मायक्रोस्कोप. घरमालकीण गोदूबाईंनी बांगड्याचं तिखलं पाठवलं. माझं इथे चांगलंच जमणार.

५ नोव्हेंबर
बाबली हा होडीवरचा खलाशी. एचआयव्ही आहे, तीन आठवडे ताप, म्हणून दवाखान्यातच खाटेवर ठेवलाय. त्याच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून रंगवला, तर एका मोठ्या पांढऱ्या पेशीने तीन तांबड्या पेशी गिळलेल्या! हे फक्त वाचलं होतं. अंगात संसर्ग दडलेला असला, बहुधा क्षय, की रक्षण करणाऱ्या पेशीच कधी कधी पिसाळतात आणि आपलंच रक्त खातात. वेळेत औषध मिळालं तर माणूस वाचू शकतो. त्यासाठी गोव्याच्या मोठ्या इस्पितळात न्यायला हवं, आणि तिथे डॉक्टरांची चिठ्ठी लागते. आमचे डॉक्टर काच न बघताच म्हणाले, एचआयव्ही ना, मग शेवटच समजा. मी चडफडत परत आलो.

७ नोव्हेंबर
डॉक्टरांना पुन्हा सांगितलं. गाढवापुढे वाचली गीता! दोन मिनिटं वाकून बघायला यांची कंबर मोडते. काचेवर शाईचा ठिपका करून ठेवला होता, तीच पेशी पाहिली. तिच्या पोटात आता सात तांबड्या. वाळलेल्या, रंगवलेल्या रक्तात मेलेली पेशी खाईल कशी? मोजायला चुकलो असेन.

८ नोव्हेंबर
चुकलो नव्हतो. आज एकोणीस. बाबली पांढराफटक पडलाय. त्याची बायको सत्यवती माशांची पाटी दारात ठेवून रोज विचारते, ‘चिठ्ठी गावली?’ तिला तोंड दाखवायची लाज वाटते.

१० नोव्हेंबर, सकाळ
डॉक्टर आले एकदाचे. वाकले. म्हणाले, पेशी कुठे आहेत, नुसता जांभळा रंग आहे. मी पाहिलं. रंग नव्हे. ती एकच पेशी, सगळीकडे पसरलेली. कड दिसेना. काच सरकवली, तरी —

दुपार
डॉक्टरांसमोर बाबलीचं बोट टोचलं. काही आलं नाही. दुसरं टोचलं. तेही — सत्यवती ओरडली, ‘रगात खंय गेला?’ नाडी लागत नाही. अंग गार. डॉक्टरांनी घाईघाईने चिठ्ठी खरडली. आता! आता लिहिली! आणि पळाले.

बाबली उठून बसलाय. विचारतोय, ‘गाडी कधी येतली?’

काय सांगू? चिठ्ठीवर नाव घातलंय, पण ते जिवंत माणसाचं की —