आंघोळ मालतीबाईंनी घालावी

मी, उज्ज्वला लोटू अहिरे, वय सत्तावीस, राहणार नवागाम, सुरत, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर काळजी करू नका म्हणाले, म्हणून जास्त काळजी वाटते.

१. शिलाई मशीन, कात्र्या आणि अर्धवट ब्लाउजांची पिशवी खालच्या मजल्यावरच्या मालतीबाईंना द्यावी. कोणता ब्लाउज कोणाचा, त्या चिठ्ठ्या लावल्या आहेत. दोनदा तपासल्या.

२. मला पुरावे. त्याआधी आंघोळ घालावी, हाताने, केसांपासून तळपायांपर्यंत. ती मालतीबाईंनी घालावी. त्या ख्रिस्ती नाहीत, ही हरकत ऐकू नये.

कारण लिहिते. अक्षरे आणि धर्म, दोन्ही मला वडिलांनी घरी शिकवले, कापडाच्या लूमवरून कामावरून आल्यावर. ते म्हणायचे, "देवनी खरंच आंग लिधं, बेटा. नुसतं दखाडाले नई." म्हणजे येशूत देवाने खरेच देह घेतला, दिसण्यापुरता नाही. भूक, घाम, मरण त्याने आपले केले नसते, तर आपण त्यातून सुटलोच नसतो. तारण अख्ख्या माणसाचे आहे, फक्त आत्म्याचे नाही. माझे काका सुकलाल चर्चच्या मंडळीत दर नाताळला हेच सांगतात.

आई, सुभद्राबाई, क्षयाने गेली. मयताला मंडळीतल्या बायकांनी आंघोळ घालायची, अशी आमची रीत. काकांनी त्यांना दारातच थांबवले. "कशाला जवळ जाता? ती प्रभूकडे गेली. हे नुसतं खोकं आहे."

मालतीबाई बादली घेऊन वर आल्या. "सरका हो भाऊ. बाई काय पारोशी जाणार?" त्यांनी एकटीने आईला न्हाऊ घातले.

३. वडिलांची धर्माची वही मंडळीला द्यावी. काकांना प्रवचनाला लागेल. शरीराविषयीचे पान दुमडून ठेवले आहे.

४. काकांना काही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकील म्हणाले, म्हणून त्यांनाच साक्षीला बोलावले आहे. मालतीबाईंना त्याच कारणाने बोलावले नाही. काकांनी विचारले, "माझ्यासाठी काय ठेवलंस?" मी म्हटले, "सहीची जागा."

५. एक खरे लिहायचे राहिले. त्या दिवशी मीही दारातच होते, तोंडावर ओढणी धरून. काकांना भीती वाटली, मलाही. आणि धर्म मला त्यांच्यापेक्षा चांगला येत होता.

मालतीबाई, माझ्या अंगाला हात लावावासा वाटला नाही, तर नाही म्हणा. मशीन तरीही तुमचेच.

सही: उज्ज्वला लोटू अहिरे
नवागाम, सुरत. १२ जुलै २०२५

आमच्यासमोर सही केली:
१. सुकलाल दगा अहिरे, काका
२. ललित भामरे, शेजारी